सल्ला हवा: सोलापुरातल्या भुतांच्या जादूशाळेसाठी जागा, विषय, विद्यार्थी

माळावरची मैना
नमस्कार मंडळी. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी मोठी गोष्ट लिहायला घेतली आहे. सोलापुरात जादूची शाळा, पण माणसाच्या पोराला प्रवेश नाही. मुंजा, चकवा, हडळीची मुलगी असे विद्यार्थी. अडचण अशी की डोक्यात सारखे दगडी मनोरे, झगे आणि छड्याच येतात, सोलापूर नुसतं पाटीपुरतं उरतं. जागा भुईकोट किल्ला धरली आहे. काहीही सुचवा, फार भीतीदायक नको.

शेंगाचटणी
किल्ला नको ओ ताई, परत तेच मनोरे! सोलापूरजवळच्या नान्नजला न्या. १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे तिथं. गवताळ माळ, लांडगे, काळवीट. भिंतच नाही म्हटल्यावर शाळा लपवायची कटकट नाही. माळढोक आता दिसला तर नशीब, म्हणून एका म्हाताऱ्या माळढोकालाच मुख्याध्यापक करा. एवढा जड पक्षी धावत धावत उडतो. उडण्याचा तास त्यानंच घ्यावा, चिमण्यांना काय कळणार त्यातले कष्ट.

पूर्वभागवाला
शाळा माळावर असू दे, मंत्र मात्र आमच्या मागावरचे घ्या. चादरीच्या जकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. म्हणजे चादर विणायच्या आधीच सगळी नक्षी पुठ्ठ्यात लिहिलेली असते. मग मंत्र पुटपुटायचा कशाला? पोरांना पुठ्ठ्यात पाडायला लावा. एक भोक चुकलं की अदृश्य व्हायच्या चादरीतून एक कान तेवढा दिसत राहणार. कोणी खोडसाळपणे पुठ्ठ्यांचा क्रम बदलला तर काय होईल, ते तुम्ही ठरवा, अख्खं प्रकरण निघेल त्यातून.
आणि पोरं मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलू देत. सोलापूरच्या पूर्व भागातलं, आमच्या विणकर वस्तीतलं भूत नुसतं मराठी बोलतं हे इथं कोण मानणार?

निशाचर
पुठ्ठ्यांची कल्पना जबरी. माझं एवढंच, भुतांना नव्या शक्ती देत बसू नका, त्यांच्या जुन्या अडचणी वापरा. मुंजा पिंपळ सोडत नाही, म्हणजे माळावर यायचं तर पिंपळाची कुंडी काखोटीला मारून. गिऱ्हा पाण्यातला, त्याचा वर्ग हिप्परग्याच्या तलावात. चकव्याला भूगोल कधीच जमणार नाही. आणि मास्तर ब्रह्मराक्षस हवाच: जिवंतपणी विद्या कोणाला दिली नाही म्हणून तसा झालेला, त्यामुळे आता त्याचा तास संपतच नाही. अमावास्येला वेताळाची पालखी, शाळेला सुट्टी.

माळावरची मैना
कुंडीवाला मुंजा पक्का! वार्षिक परीक्षा सिद्धेश्वर तलावात घेऊ का?

शेंगाचटणी
देवळाच्या तलावात भुतं नकोत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतही नकोत, लोकांची श्रद्धा आहे. त्यापेक्षा संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, होम मैदानावर प्रात्यक्षिक ठेवा, विषय ‘माणसांत मिसळणे’. पाळण्यांच्या गर्दीत हडळीच्या पोरीच्या उलट्या पायांकडे कोण बघतंय? भज्यांच्या गाड्यावर पैसे देऊन सुट्टे परत घेतले की पास.

निशाचर
सुट्टे मिळाले तर ती खरी जादू.

माळावरची मैना
😄 पूर्वभागवाले दादा, माग चालू असताना बघायला मिळेल का कुठे?

पूर्वभागवाला
ओळखीच्या कारखान्यात विचारतो, व्यनि (खाजगी निरोप) करा. यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हातवारे करूनच बोलायचं. एखादं मुकं भूत असेल गोष्टीत, तर त्याला तिथं बसवा. त्या तासाला तोच सगळ्यांत हुशार ठरेल.