मदत हवी आहे: लॉकडाऊनमधली पगारकपात आणि गेटवर केलेली सही (नागपूर, मार्च २०२१)

नमस्कार मंडळी,

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये व्हीएमसी (संगणकावर चालणारं, धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहे. नऊ वर्षं झाली, पर्मनंट आहे. परवापासून नागपुरात २१ मार्चपर्यंत पुन्हा लॉकडाऊन लागलाय आणि घरात गेल्या वर्षीचा विषय निघाला. यंदाही तसंच झालं तर काय, या काळजीने लिहितोय.

माझा पगार १८,४००. एप्रिल आणि मे २०२० मध्ये युनिट बंद होतं, दोन्ही महिन्यांत ९,२०० मिळाले. जूनपासून काम सुरू झालं, तर डिसेंबरपर्यंत दर महिन्याला ३० टक्के कापले, म्हणजे ५,५२०. जानेवारीपासून पगार पूर्ण येतोय, पण मागचे एकूण ५७,०४० रुपये राहिले. एप्रिलच्या पगारपत्रकात ‘हजर दिवस १५, बिनपगारी रजा १५’ असं लिहिलंय. रजा मी मागितलीच नव्हती. गेटला कुलूप होतं!

आता सहीचं. जूनच्या मध्यात, जिथे कपाळाला मशीन लावून ताप बघायचे त्याच टेबलावर एक कागद होता: ‘कंपनीची अडचण लक्षात घेऊन मी स्वखुशीने कपात मान्य करतो.’ खाली ३५ नावं. माझ्याआधी एकवीस सह्या झालेल्या. सुपरवायझर म्हणाले, “करून टाक ना बावा, सगळ्यांनीच केली.” मीही केली. आईचं इन्शुलिन, खोलीचं भाडं, आणि बाजूच्या युनिटमधून काढलेली पोरं रोज डोळ्यासमोर. कागदाची प्रत कोणालाच दिली नाही.

मालकांबद्दल वाईट बोलायचं नाही. एप्रिलमध्ये एकही गाडी माल घेऊन बाहेर गेली नाही, हे मीच पाहिलंय. तेव्हाचं नुकसान वाटून घ्यायला माझी ना नव्हती. पण ऑगस्टपासून तीनही शिफ्ट भरून चालल्या, तरी कपात तशीच. हे मनाला लागलंय.

त्या सहीमुळे माझा हक्क गेला का? आमच्याकडे युनियन नाही. एकट्याने कुठे जायचं? आणि उशीर तर झाला नाही ना?

प्रतिसाद (मार्च २०२१ चा; यातले १९३६ आणि १९४७ चे कायदे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होते)

भाऊ, आधी मुदतीचं. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम १५ खाली कपात झाल्यापासून १२ महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुमचा एप्रिलचा पगार ७ मे २०२० पर्यंत द्यायला हवा होता, म्हणून यंदाच्या ७ मेच्या आत अर्ज टाका. सर्वोच्च न्यायालयाने कोविडमुळे १५ मार्च २०२० ते १४ मार्च २०२१ हा काळ मुदतीतून वगळलाय, पण त्या भरवशावर थांबू नका. हा कायदा महिना २४,००० पर्यंतच्या पगाराला लागू आहे, म्हणजे तुम्ही त्यात बसता.

बंदचा काळ आणि कामाचा काळ वेगळा मांडा. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० ला बंदच्या काळात पूर्ण वेतन द्यायचा आदेश काढला होता. तो १८ मेपासून मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोन्ही बाजूंनी बोलून तडजोड करा, असं सांगितलं. त्यामुळे एप्रिल-मेचे पैसे पूर्ण मिळतीलच असं मी म्हणणार नाही. तरी ते पगारपत्रक जपून ठेवा. गैरहजेरीची कपात कामावर यायचं असून न आलेल्याची होते, कुलूपबंद गेटबाहेर उभ्या राहिलेल्याची नाही.

जून ते डिसेंबरची बाजू भक्कम वाटते. काम पूर्ण घेतलं, पगार कमी दिला. कलम ७ मध्ये कोणत्या कपाती चालतात ते ठरलेलं आहे, ‘कंपनीची अडचण’ त्यात नाही. शिवाय औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९अ प्रमाणे वेतनात बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस लागते. ती मिळाली होती का?

सहीला घाबरू नका. १९३६ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं की या कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार निरर्थक आहे. मालकांचा वकील म्हणेल की ही हक्क सोडल्याची नाही, नव्या पगाराला संमतीची सही आहे. तिथे दबाव, प्रत न देणं आणि नोटीस नसणं या गोष्टी उपयोगी पडतील.

युनियन नसली तरी चालतं. अर्ज स्वतः करता येतो, आणि कलम १६ खाली एकाच मालकाकडचे, एकाच कारणाने कापले गेलेले कामगार मिळून एकच अर्ज देऊ शकतात. बँकेचं पासबुक आणि सगळी पगारपत्रकं घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

धागाकर्ता

खूप आभार दादा. नोटीस कोणालाच मिळाली नव्हती, फळ्यावरही लागली नव्हती. रात्री वानाडोंगरीच्या दोन सोबत्यांशी फोनवर बोललो, ते अर्जात यायला तयार आहेत. एकाकडे त्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे, त्यात तारीखही दिसते. २२ तारखेला तिघं मिळून कार्यालयात जातो, काय झालं ते इथेच लिहीन.