पंचायतीचं रोजचं काम: तुमचे अनुभव लिहा

शुक्रवारपेठ
पुण्यात हमालांची पंचायत, म्हणजे कष्टकऱ्यांची संघटना, झाली, मग रिक्षावाल्यांची, पथारीवाल्यांची, कचरावेचकांची. त्या उभ्या करणाऱ्या बाबा आढावांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण वर्गणीच्या पावत्या कोण फाडायचं, रात्री चौकीवर कोण धावायचं, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. ज्यांनी असं काम केलं किंवा घरात पाहिलं, त्यांनी इथे लिहावं. पुण्याबाहेरचेही अनुभव हवेत. माणसांची नावं मात्र टाकू नका.

माझ्यापासून सुरुवात करते. १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे काही वर्षांनी पालिकेची मोहोर असलेली ओळखपत्रं द्यायचं ठरलं, तेव्हा मी कॉलेजात होते आणि वस्तीवर जाऊन फॉर्म भरायचे. सगळ्यात वेळ जायचा तो वयाच्या रकान्यात. कुणी सांगायची, ‘पानशेत फुटलं तवा मी पाळण्यात होते.’ कुणी म्हणायची, ‘दुष्काळात लगीन झालं, मला न्हाण यायचं होतं.’ आम्ही १९६१ आणि १९७२ धरून बोटांवर वय मांडायचो. पोत्यात तांब्याची तार निघाली की ‘कुठून चोरलीस’ म्हणून बाईला चौकीवर बसवून ठेवायचे. कार्ड आल्यावर ती ते ब्लाउजमधून काढून समोर धरायची. दरवेळी सुटका व्हायचीच असं नाही, पण निदान तिचं म्हणणं ऐकून तरी घ्यायचे.

भुसारगल्ली
वडील हमाल. आधी नाना पेठेत, बाजार गुलटेकडीला हलल्यावर मार्केट यार्डात. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. त्यांच्या मानेखाली मांसाचा एक घट्ट उंचवटा झाला होता, आई रात्री त्यावर तेल जिरवायची. पोतं पन्नास किलोचं व्हावं म्हणून पंचायत किती वर्षं भांडली, ते आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही.

माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा, कायदा १९६९ चा. पण कायदा झाला म्हणून कुणी घरी येऊन पैसे देत नाही. व्यापाऱ्याची नोंद, हमालाची नोंद, हमाली माथाडी मंडळात जमा, वर व्यापाऱ्यानं भरायची टक्केवारी म्हणजे लेव्ही, त्यातून फंड आणि ग्रॅच्युइटी. हे सगळं चालू राहावं म्हणून टोळीतला एक जण रोज संध्याकाळी वहीत नगांचा हिशेब लिहायचा. आमच्या टोळीत ते काम वडिलांकडे, कारण ते चौथी शिकलेले! आजोबा हमाली करतच गेले, मागे काही नव्हतं. वडील थांबले तेव्हा हातात फंड आला आणि बहिणीचं नर्सिंग पूर्ण झालं.

‘कष्टाची भाकर’ही हमाल पंचायतीचीच, १९७४ पासूनची. पोटाला परवडेल अशी गरम भाकरी-भाजी मिळायला लागली.

सातारी_मास्तर
पुण्याबाहेरचा म्हणून लिहितो. बाबांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेत सत्तरच्या दशकात आमच्या गावात सभा झाली. ठराव झाला, टाळ्या पडल्या, पाहुणे संध्याकाळच्या एसटीने गेले. दुसऱ्या दिवशी दलित वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीवर आल्या, तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण त्यांच्या घरच्यांना खुरपणीला बोलावणं बंद झालं. माझे वडील शाळामास्तर होते. ते शाळेआधी विहिरीपाशी जाऊन उभे राहायचे, बायका पाणी भरून गेल्या की शाळेत यायचे. आमच्या भावकीनं त्यांना लग्नाकार्याची आमंत्रणं देणं सोडलं. या उभं राहण्याची नोंद कुठल्याही अहवालात नसेल, म्हणून इथे करतो.

नगररोड
सगळं वाचून भरून आलं. तरी एक विचारतो. कचरा वेचणाऱ्या बहुतेक बायका दलित, कितीतरी घरं मराठवाड्यातून दुष्काळात आलेली. ओळखपत्र मिळालं, पण काम जातीनं वाटलं गेलंय ते तसंच राहिलं ना?

वेचकाची_लेक
नगररोड, तुमचा प्रश्न रास्त आहे. आम्ही मातंग, आई कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची सभासद. २००८ मध्ये संस्थेचा पालिकेशी करार झाला आणि कुंडी उकरणारी आई दारोदारी जाऊन कचरा घ्यायला लागली. काम तेच, पण हातात ठरलेला महिना आला.

अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांची सरकारी शिष्यवृत्ती आधी कचरावेचकांना लागू नव्हती, ती पंचायतीने भांडून मिळवली. दहावीपर्यंत माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च तिच्यातून निघाला. आज मी अकाउंट्स बघते. म्हणजे वाटणी थोडी तरी मोडली. सगळी मोडली असं मी म्हणणार नाही.

लाल ठिपक्याचंही सांगते. सॅनिटरी पॅड उघडेच टाकतात आणि ते आईला हातानं वेगळे करावे लागतात. एका सोसायटीच्या सभेत तिनं वर्तमानपत्राचं पान घेतलं, पुडी बांधली, आत काय आहे ते न उघडता कळावं म्हणून पेनानं वर लाल ठिपका काढला आणि ती पुडी पुढच्या रांगेत फिरवली. पुरुष खाली बघत होते. आई नव्हती बघत.

@भुसारगल्ली, तुमच्या वडिलांना मंडळातून फंड मिळाला. आईचे गुडघे गेलेत, आणि काम थांबवलं तर तिच्यामागे तसं काही नाही. असंघटित कष्टकऱ्यांच्या पेन्शनसाठी बाबा म्हातारपणीही रस्त्यावर बसले, आईही जाऊन बसली होती. माथाडीसारखं मंडळ कचरावेचकांसाठी करायचं तर लेव्ही कुणाकडून घ्यायची, पालिकेकडून की सोसायट्यांकडून? तुमच्याकडे कुणी जुने जाणते असतील तर विचारून लिहाल का?