मदत हवी आहे: फीबासचं पोट भरलं, पण मिलोटिक काही होईना

पोकेमॉन एमराल्ड हा व्हिडिओ गेम, जुनं कार्ट्रिज. खेळातल्या रूट 119 च्या अख्ख्या नदीत फीबास हा मासा-पोकेमॉन फक्त सहा चौकोनांतच सापडतो, हे माहीत असूनही गळ टाकून टाकून बोटं दुखली. शेवटी मिळाला तेव्हा घरात ओरडलोच! (असला छळ करणारा खेळ मी अजून का सोडत नाही, याचं उत्तर त्या एका क्षणात आहे.)

आता अडचण. फीबासची ब्यूटी (सौंदर्याचे गुण) 170 झाली की पुढची लेव्हल चढताना त्याचा मिलोटिक, म्हणजे त्याचं विकसित रूप, होतो. मी चेस्टो बेरी या कोरड्या चवीच्या फळाचे निळे पोकेब्लॉक (ब्यूटी वाढवणारा खाऊ) भरवत गेलो. ब्यूटी पुरेशी वाढण्याआधीच शीन (प्रत्येक ब्लॉकने वाढणारं मोजमाप, ते भरलं की खाणं बंद) भरलं, आता तो काही खायलाच तयार नाही. नंतर पाहिलं तर स्वभाव अ‍ॅडमंट, म्हणजे नेमकी कोरडी चव नावडती. आधी बघायला हवं होतं, मान्य.

माझा फीबास मादी आहे. डिट्टो या जवळजवळ कोणाशीही जोडी जमणाऱ्या पोकेमॉनसोबत डे केअरमध्ये (जिथे अंडी मिळतात) ठेवून नवं पिल्लू काढायचं ठरवलंय. त्याचं शीन शून्यापासून सुरू होईल. कोरडी चव आवडणाऱ्या मॉडेस्ट स्वभावाचा डिट्टोही आहे, तोच स्वभाव पिल्लात उतरावा म्हणून त्याला एव्हरस्टोन हा दगड देणार आहे.

कन्सोल एकच, लिंक केबल नाही, त्यामुळे ट्रेड किंवा चौघांनी मिळून ब्लेंडिंग (बेरी घुसळून ब्लॉक बनवणं) शक्य नाही. प्रिझम स्केल (नंतरच्या भागांतली, फीबासचा मिलोटिक करणारी वस्तू) सुचवू नका, ते या भागात नाही.

तर खेळातल्याच पात्रांसोबत ब्लेंड करून, शीन भरायच्या आत 170 गाठायला कोणत्या बेरी वापरू, आणि साधारण किती ब्लॉक लागतील?