प्रश्न करापेक्षा त्याच्या विनियोगाचा

पर्यावरण कर लावला की उद्योग बसतात, हे नेहमी ऐकू येणारे विधान मला सरसकट मान्य करता येत नाही. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर (इंधन जाळून बाहेर पडणाऱ्या कार्बनवरचा कर) लावला, पण त्याच करसुधारणेत आयकर कमी केला. १९९० ते २०१७ या काळात तेथील हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि अर्थव्यवस्था मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक वाढली. (हे केवळ करामुळे घडले, असा माझा दावा नाही.)

आपल्याकडे २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये उपकर आला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला, आणि स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झालेला हा पैसा २०१७ ते २०२५ या काळात, जीएसटीमुळे (वस्तू व सेवा करामुळे) घटलेल्या महसुलापोटी राज्यांना द्यावयाच्या भरपाईकडे वळला. आमच्या सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या सुताची रंगाई करणाऱ्या छोट्या कारखानदाराला बॉयलरचे इंधन महागलेले तेवढे दिसले. त्याच पैशातून त्याला कमी इंधनावर चालणाऱ्या बॉयलरसाठी किंवा सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रियेसाठी साहाय्य मिळाले असते, तर त्याचा खर्चही उतरला असता. मालाचा भाव ठरवणे बहुधा त्याच्या हाती नसते, त्यामुळे वाढीव बोजा तो गिऱ्हाइकावर ढकलूही शकत नाही.