प्रतिपालक कुटुंबात जाणाऱ्या मुलांसाठी गावाने काय द्यावे आणि कसे द्यावे?

प्रश्न : देवगड तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका

नमस्कार. आमच्या वाडीतील महिला बचत गट आणि गावाचे मुंबईतील मंडळ यांनी यंदाच्या वर्गणीतील काही भाग जिल्ह्यात प्रतिपालक कुटुंबांकडे (आईवडिलांजवळ राहू न शकणाऱ्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणारी कुटुंबे) राहायला जाणाऱ्या मुलांसाठी वेगळा काढायचे ठरवले आहे. आमच्या परिचयाच्या एका दांपत्याकडे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशाने असेच एक मूल आले. ते आले तेव्हा आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि त्याच्या हातात कापडदुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात दोन शर्ट, एक चड्डी, ओला टॉवेल आणि पाण्याने फुगलेली एक वही, एवढाच त्या मुलाचा संसार होता. ती पिशवी ओटीवर उघडली तेव्हा आलेला कुबट वास माझ्या मनातून जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. घरोघरचे चांगल्या स्थितीतील जुने कपडे गोळा केले तर चालतील का? मंडळातील काही जणांची इच्छा आहे की चतुर्थीत सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते मुलांना बॅगा द्याव्यात आणि अहवालात छायाचित्र छापावे. हे योग्य ठरेल का? आणि पैसे थेट त्या कुटुंबाला द्यावेत की आणखी कोठे?

उत्तर : बालसंरक्षणाच्या कामात 11 वर्षे घालवलेला कार्यकर्ता, रत्नागिरी

ताई, आधी छायाचित्राविषयी लिहितो, कारण तेथे चूक झाली तर मुलाचे नुकसान भरून येत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे काहीही, म्हणजे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, प्रसिद्ध करता येत नाही, आणि तसे करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा : ज्या मुलाला गावासमोर उभे करून बॅग दिली, ते दुसऱ्या दिवशी शाळेत ‘मंडळाने बॅग दिलेले मूल’ म्हणूनच ओळखले जाते. त्यामुळे समारंभ नको, आणि बॅगेवर मंडळाचे नावही छापू नका. तिच्यावर जाहिरात असली की ती मुलाची बॅग राहत नाही.

वस्तू जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत पोहोचवाव्यात. वस्तू विकत घेण्यापूर्वी त्या कार्यालयात जाऊन गरज विचारा. मूल कोणत्या कुटुंबात आहे हे मात्र विचारू नका. पुष्कळदा मूल अचानक, संध्याकाळच्या वेळी हलवावे लागते, तेव्हा बाजार उघडा नसतो, म्हणून वयोगटानुसार भरलेल्या तीन-चार बॅगा कार्यालयात आधीच तयार असतील तर त्यांचा खरा उपयोग होतो. दोन भावंडे असतील तर दोन बॅगा द्या. भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावे असे कायदाच सांगतो, तरी प्रत्येकाची वस्तू प्रत्येकाची असावी. आपल्याकडचा पाऊस आणि रात्रीअपरात्री जाणारी वीज लक्षात घेऊन रेनकोट आणि लहान विजेरी अवश्य ठेवा. चपला मात्र माप कळल्याशिवाय घेऊ नका.

पैशांबाबत सांगायचे तर, मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखाली प्रतिपालनातील मुलासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे, परंतु मंजुरी आणि बँक खात्याचे सोपस्कार पुरे होईपर्यंतचे पहिले काही आठवडे कुटुंबाला स्वतःच्या खिशातून काढावे लागतात. आपल्या बॅगेचे मोल त्या आठवड्यांत असते. प्रतिपालक कुटुंबाची पाहणी समितीने दरमहा करायची असते. त्यात बाहेरून येणाऱ्या रोख रकमेची भर पडली की हिशेब आणि हेतू दोन्ही गढूळ होतात, म्हणून रोख रक्कम थेट देऊ नये.

एक जोड देतो. बचत गटातील एखादी एकटी राहणारी भगिनी स्वतः मूल सांभाळायचा विचार करत असेल तर 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार 35 ते 60 वयोगटातील अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते, हे तिला जरूर सांगा.

उत्तर : प्रतिपालक आई, सिंधुदुर्ग

आमच्याकडे आलेल्या मुलाविषयी ओळख पटेल असे काही लिहिणार नाही, पण जुन्या कपड्यांबद्दल सांगणे मला भाग आहे. शेजारच्यांनी अतिशय प्रेमाने आपल्या मुलांचे कपडे धुऊन, इस्त्री करून दिले होते. मुलाने एक सदरा हातात घेतला, आतल्या बाजूला कोणाची आद्याक्षरे दोऱ्याने भरली होती ती पाहिली आणि विचारले, “हा कोणाचा?” त्यानंतर त्याने तो अंगात घातला नाही. नवे दोन जोड आणि आतले नवे कपडे हे वीस जुन्या सदऱ्यांपेक्षा मोलाचे आहेत.

दुसरी गोष्ट मला आयुष्यभर लक्षात राहील. आमच्या घरात जुन्या पद्धतीप्रमाणे बहुतेक भांड्यांवर कोणाचे ना कोणाचे नाव कोरलेले आहे. मूल आले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात जेवायला बसल्यावर त्याने आपले ताट उलटे-सुलटे करून पाहिले, मग माझ्या मुलीचा पेला पाहिला, आणि हळूच विचारले, “माझं नाव कशावर आहे?” मी त्याच दिवशी त्याला घेऊन बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानात त्याने स्वतः ताट, वाटी आणि पेला निवडला. दुकानदार यंत्राने अक्षरे कोरत असताना ते काउंटरच्या कडेला हनुवटी टेकवून एकेका अक्षराकडे पाहत होते. ते ताट त्याचे आहे आणि उद्या समितीने त्याला त्याच्या आईकडे परत पाठवले तर ते त्याच्याबरोबर जाईल, असे मी त्याला सांगितले आहे.

म्हणून माझी विनंती आहे की बॅगेत एक कोरे स्टीलचे ताट, वाटी आणि पेला ठेवावा. तुमच्या गटातील बायकांनी शिवलेली एक गोधडीही ठेवा; ती नव्या कापडाची हवी असे नाही, मऊ जुन्या सुती साड्यांची गोधडी कोणत्याही मुलाला परकी वाटत नाही. आणि गावाला एवढे सांगा की मुलासमोर “बिचारं” म्हणू नये.

उत्तर : मुंबई मंडळाचा खजिनदार, मूळ गाव गुहागर तालुका

आमचा अनुभव असा आहे की चतुर्थीत वर्गणी भरभरून जमते आणि दसऱ्यापर्यंत विषय मागे पडतो, पण मुले मात्र बाराही महिने येत असतात. त्यामुळे एकदाच पन्नास बॅगा देण्याऐवजी दर तिमाहीला चार-पाच बॅगांचा वायदा करावा आणि तो पाळावा. या कामाचे खाते मंडळाच्या हिशेबात स्वतंत्र ठेवावे आणि अहवालात केवळ वस्तू, संख्या आणि खर्च लिहावा. कार्यालयाकडून पोच अवश्य घ्यावी. ज्यांना रक्कमच द्यायची आहे त्यांच्यासाठी कायद्याच्या कलम 105 मध्ये बाल न्याय निधीची तरतूद आहे आणि त्यात व्यक्ती किंवा संस्था स्वेच्छेने देणगी देऊ शकते. नोंदणीकृत संस्थेला देणगी देऊन आयकरात सवलत मिळवायची असेल तर 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यास पात्र ठरत नाही, म्हणून धनादेशच द्यावा.

साठा गावातच ठेवणार असाल तर एक सूचना करतो : पावसाळ्यात लोखंडी ट्रंकेत ठेवलेले कपडे ओल धरतात. घट्ट झाकणाचे डबे घ्या आणि दर उन्हाच्या दिवशी कपडे बाहेर काढा.

प्रश्नकर्ती

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मंडळाशी फोनवर बोलणे झाले असून पूजेच्या दिवशीचा समारंभ रद्द केला आहे. गटातील सात जणींनी गोधड्यांचे काम वाटून घेतले आहे आणि सोमवारी आम्ही दोघी ओरोसला जाऊन जिल्हा कार्यालयात गरज विचारणार आहोत. प्रतिपालक आईंना एकच विचारायचे आहे : ताटावर नाव कोरून घेण्याचे पैसे बॅगेतच पाकिटात घालून ठेवावेत का?

प्रतिपालक आई

नको. ताट कोरेच पाठवा. बाजारात आम्ही त्याला घेऊन जाऊ.