१/६ मापाच्या बाहुलीचा ब्लाउज: मुंढ्यात बाही बसत नाही, मशीन कापड गिळतं. मदत हवी आहे

चिमुकलीशिवण

साडेअकरा इंची बार्बीसाठी लांब बाह्यांचा, गोल गळ्याचा, मागून पूर्ण उघडा ब्लाउज शिवायचा आहे. पॅटर्न छापील आहे आणि त्यात ६ मिमी माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) धरलेली आहे. कापड सुती पॉपलीन, रंग गडद मरून. मशीन साधं घरगुती झिगझॅगचं, सुई १४ नंबर, टाका २.५.

मोठ्या माणसांचे कपडे व्यवस्थित शिवता येतात, पण इथे पुढच्या गोष्टी अडतात:

१. आधी बगलेची शिवण, मग गोल बाही गोल मुंढ्यात (बाही जोडायच्या खाचेत), असा नेहमीचा क्रम धरला की मुंढा मशीनच्या फुटाखाली जातच नाही. हाताने लावली तर खांद्यावर चुण्या येतात.
२. शिवण सुरू करताना कापडाचं टोक सुईसोबत सुईखालच्या धातूच्या पट्टीच्या भोकात जातं आणि दोऱ्याचा गुंता होतो.
३. माया कमी केली की दशा सुटून शिवण उसवते, जास्त ठेवली तर बगलेत गोळा होतो.
४. मरून रंग बाहुलीच्या अंगाला लागेल का? लागू नये म्हणून काय करायचं?

उरेबपट्टी

पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीचं मूळ एकच आहे. बाहुली सहापट लहान झाली, कापडाची जाडी झाली नाही. पाव मिलिमीटर जाडीचं पॉपलीन तिच्या अंगावर आपल्या मापाने दीड मिलिमीटरचं ठरतं. असं जाड कापड बगलेत चार पदरी आलं तर गोळा होणारच. आधी कापड बदला. लॉन, व्हॉइल किंवा बारीक केंब्रिक असं पातळ सुती कापड घ्या. पॉपलीन १/३ मापाच्या बाहुल्यांसाठी राखून ठेवा, तिथे ते छान दिसतं.

आता चुण्यांचं. मुंढा आत वळलेला असतो, म्हणून त्याची कापलेली कड शिवणरेषेपेक्षा आखूड असते. बाहीचा माथा बाहेर फुगलेला, म्हणून त्याची कड शिवणरेषेपेक्षा लांब. मोठ्या कपड्यात हा फरक जाणवत नाही. इथे मुंढ्याच्या वळणाची त्रिज्या साधारण १२ मिमी धरा. अर्धवर्तुळाची शिवणरेषा भरते ३८ मिमी, पण ६ मिमी माया ठेवल्यावर कापलेली कड उरते फक्त १९ मिमी, म्हणजे निम्मी! ती कड ताणल्याशिवाय बाहीला जुळणार नाही, आणि ताणली की चुण्या ठरलेल्या. तीच माया ३ मिमी केली तर कड २८ मिमी होते आणि काम आवाक्यात येतं.

क्रम असा ठेवा. खांदे जोडा, गळा पुरा करा, बाहीची मनगटाकडची कड दुमडून टीप मारून घ्या. ती नंतर करायची म्हटलं तर बोटभर रुंदीची नळी मशीनवर चढत नाही. मग अंग उघडं, सपाट असतानाच बाही लावा. बगल आणि बाहीची खालची शिवण सगळ्यात शेवटी, मनगटापासून कमरेपर्यंत एकाच टिपेत.

बाही लावताना मुंढ्याच्या मायेला दर ३ मिमीवर कात्रीच्या टोकाने छेद द्या, शिवणरेषेच्या १ मिमी अलीकडे थांबा. छेद उघडले की मुंढा जवळजवळ सरळ होतो. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीला, दोन्ही टोकं बगलेला, सुलटवर सुलट. टाचण्या लावू नका, या मापात टाचणीच कापड उचलते. २ मिमीच्या टाक्यांनी धावदोरा घाला. मशीनवर बाही खाली आणि अंग वर ठेवा, कारण मशीनचे कापड सरकवणारे दात खालचा पदर किंचित जास्त ओढतात आणि माथ्यातला थोडा झोल (मुंढ्यापेक्षा जास्तीची लांबी) आपोआप जिरतो.

दशांसाठी: कडा शाईने आखा, रेषेवर फ्रे चेकसारख्या, दशा रोखणाऱ्या द्रवाचा पातळ हात फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच कापा. आधी कापून मग लावलं तर कड ताणून वाकडी होते. काही कापडांवर हा द्रव डाग सोडतो, त्यामुळे तुकड्यावर बघून घ्या.

बारीकटीप

दुसरी अडचण मशीनची आहे आणि ती पूर्ण सुटते.

१४ नंबरची सुई या कापडाला भाला आहे. ८ किंवा ९ नंबरची टोकदार सुई लावा, होजिअरी असेल तर गोल टोकाची. दोरा ६० किंवा ८० नंबरचा. नंबर वाढेल तसा दोरा बारीक. बॉबिनमध्येही तोच भरा, वर बारीक आणि खाली जाड असलं की टीप एका बाजूला ओढली जाते. टाका १.५ ते १.८ मिमी. याहून लहान टाका पूर्ण शिवणीला लावू नका, उसवायची वेळ आली तर कापड फाटेल.

झिगझॅग मशीनच्या पट्टीला आडवं लांब भोक असतं, कारण सुईला दोन्हीकडे हलायचं असतं. सरळ टिपेला त्या भोकाचा उपयोग नाही, उलट बारीक कापड त्यातच ढकललं जातं. सरळ टिपेची एकाच गोल भोकाची पट्टी मिळत असेल तर तीच बसवा (आणि झिगझॅग लावण्याआधी आठवणीने काढा, नाहीतर सुई मोडते). पट्टी मिळत नसेल तर सुई डावीकडच्या जागेवर घ्या, म्हणजे भोकाच्या कडेचा आधार तरी मिळतो.

सुरुवात कधीही थेट कापडाच्या टोकावर करू नका. फुटाखाली एक चिंधी घ्या, तिच्यावर दोन सेंटीमीटर टीप मारा आणि न थांबता ब्लाउजच्या कडेवर चढा. नंतर मधला दोरा कापा. वळणावर कापडाखाली पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवली तर दातांना धरायला काही मिळतं; शिवून झाल्यावर कागद टिपेच्या रेषेवर दुमडून अलगद फाडायचा. उलटी टीप मारून गाठ पक्की करू नका, तिथेच गोळा होतो. सुरुवातीचे आणि शेवटचे ४-५ टाके १ मिमीचे घ्या, पुरतात.

तरीही खालून गुंता येत असेल तर फूट वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही, आणि गुंता खाली दिसला तरी दोष वरच्या दोऱ्याचा असतो.

चिमुकलीशिवण

बाही लागली, मुंढा सपाट आहे, मनापासून आभार! चिंधीची युक्ती तर फारच कामाची. आता गळ्याला अस्तर लावायचं आहे. त्याच कापडाचं लावलं तर गळा जाड होतो. बारीक नेट लावली तर चालेल का? म्हणजे रंग लागण्यापासूनही बचाव होईल.

उरेबपट्टी

गळ्यासाठी नेट उत्तम. पुढचा आणि मागचे भाग खांद्याला जोडल्यावर नेटचा चौकोनी तुकडाच सुलट बाजूवर ठेवा, गळ्याचा आकार कापू नका. शिवणरेषेवर टीप, मग आतलं कापड कापून माया २ मिमीवर आणा, छेद द्या आणि नेट आत पलटा. पलटल्यावर इस्त्रीआधी गळ्याची कड नखाने दाबून घ्या, म्हणजे नेट बाहेर डोकावत नाही. नायलॉनच्या नेटला गरम इस्त्री लावली तर वितळते, वर सुती कापड ठेवूनच दाबा.

पक्कारंग

नेट गळ्याला लावा, पण रंगाच्या बाबतीत तिच्या भरवशावर राहू नका. तिला भोकंच भोकं, मरून कापड त्यातून अंगाला टेकतंच.

व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. कपड्यातला सुटा रंग त्यात उतरतो आणि आत मुरतो, म्हणून पुसून जात नाही. लाल, मरून, काळा, गडद निळा आणि डेनिमची नीळ यांच्याबाबत सगळ्यात सावध राहा.

बेतण्याआधी कापड साबणाच्या गरम पाण्यात धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. नंतर ओला तुकडा दोन पांढऱ्या सुती तुकड्यांमध्ये ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, वर जड पुस्तक, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पांढऱ्यावर गुलाबी छटा दिसली तर ते कापड अस्तराशिवाय वापरू नका. व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्यात भिजवल्याने तयार सुती कापडाचा रंग पक्का होत नाही, हा सल्ला सगळीकडे फिरतो म्हणून मुद्दाम लिहितेय.

पॉलिएस्टरला मात्र ही चाचणी पुरेशी नाही. त्याचा रंग पाण्यात सुटत नाही, पण कोरडा असतानाही व्हिनाइलमध्ये उतरू शकतो, उष्णतेत अधिकच. गडद पॉलिएस्टर चाचणीत पास झालं तरी खाली पांढऱ्या लॉनचं पूर्ण अस्तर किंवा अंगाला बसणारा पांढरा बॉडीसूट घालाच. आणि गडद कपडा घालून बाहुली महिनोन्‌महिने कपाटात उभी ठेवू नका.

मापपट्टी

एक राहिलं. बाहुलीचं शरीर नेमकं कोणतं? बार्बी १९५९ पासून साडेअकरा इंची म्हणून ओळखली जाते, पण २०१६ पासून उंच, बुटकी आणि भरीव अंगाचीही मिळते. मोठ्या डोक्याची ब्लाइथ बाहुली उंचीने जवळपास तेवढीच, पण छाती सपाट आणि अंग बारीक. एका छापील पॅटर्नवर सगळ्या बसत नाहीत.

स्वतःचा पॅटर्न काढणं सोपं आहे. अंगाला स्वयंपाकातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा, वर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. मध्य, बगल, खांदा, कंबर आणि मुंढा पेनाने आखा. पाठीच्या मध्यावर कापून सोलून काढा. सपाट करताना जिथे फुगतं तिथे टक्स. छातीला आणि कमरेला एकूण ३ ते ४ मिमी सैल धरा, माया ४ मिमी, मागे बटणांसाठी प्रत्येक बाजूला ६ मिमी. बाहीच्या माथ्याची शिवणरेषा मुंढ्याच्या शिवणरेषेपेक्षा २ मिमीच जास्त ठेवा. रेषेवर दोरा ठेवून त्याची लांबी मोजा. मोठ्या पॅटर्नला फोटोकॉपीने लहान केलं तर माथ्यातला झोलही येतो आणि मायाही बिघडते.

चिमुकलीशिवण

शरीर जुन्या पद्धतीचं, सडपातळ. मागच्या उघडणीला वेल्क्रो लावू की टिचबटण? आणि बोटं बाहीत अडकतात त्याचं काय?

बारीकटीप

वेल्क्रो नको. त्याचे आकडे बाहुलीच्या केसांत अडकतात, बारीक कापडाचे धागे ओढतात, आणि पाठ फुगते. ५ मिमीची टिचबटणं लावा, तीन पुरतात: गळ्याला, छातीच्या मागे, कमरेला. वरच्या पट्टीवर बटण लावताना टाका फक्त आतल्या पदरातून घ्या, म्हणजे बाहेर ठिपका दिसत नाही. खालची वाटी जागेवर बसवण्यासाठी वरच्या बटणाच्या टोकाला खडू लावून दाबा, उमटलेल्या खुणेवर वाटी शिवा. लॉन फारच पातळ असेल तर पट्टीच्या आत हलक्या फ्युजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) ५ मिमीची पट्टी चिकटवा, नाहीतर बटण उघडताना कापड फाटतं.

बोटांसाठी कपडा चढवताना हातावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा घाला, बाही वरून सरकवा आणि मनगटातून बोटं बाहेर आली की पिशवी ओढून घ्या. हात सुटे होणारे शरीर असेल तर तेच काढून ठेवा, मग मनगटाची कड आणखी ४ मिमी अरुंद करता येते.