१८८१ च्या कारखाना कायद्यानं कामगाराला नेमकं काय दिलं?

कृष्णाकाठ, सांगली
मंडळी, १ मे ला आमच्या वाचनालयात कारखाना कायद्यांवर तासाभराचं व्याख्यान आहे. टिपण काढताना एक गोष्ट जुळेना. १८८१ च्या पहिल्या कायद्यात महिन्याला चार सुट्ट्या होत्या असं वाचलं. मग रविवारच्या सुट्टीसाठी गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० पर्यंत का झगडावं लागलं? आणि हे सगळं आपल्या भागाशी, समजा किर्लोस्करवाडीशी, कसं जोडायचं?

कराडकर
चार सुट्ट्या होत्या, पण फक्त मुलांना. सगळा घोळ इथं होतो. १८८१ च्या कायद्यात कामाचे तास, मधली एक तासाची विश्रांती आणि सुट्ट्या हे सगळं ७ ते १२ वर्षांच्या मुलांपुरतं होतं: दिवसाला जास्तीत जास्त ९ तास. सात वर्षांखालच्यांना बंदी. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक ओळही नाही, बायकांच्याही नाही. यंत्राला कुंपण घालणं आणि अपघात कळवणं एवढंच काय ते सगळ्यांच्या वाट्याला आलं.

त्यातही 'कारखाना' कशाला म्हणायचं ते बघा. यांत्रिक शक्ती हवी, माणसं १०० किंवा जास्त हवीत आणि काम वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालायला हवं. या शेवटच्या अटीमुळं कापसाचे जिन, म्हणजे सरकी काढणारे कारखाने, सरळ बाहेर राहिले. हंगाम थोडा, माल ढीगभर, त्यामुळं खानदेशातल्या जिनांत रात्रंदिवस काम चाले, आणि तिथं कायदा पोचतच नव्हता. चहा, कॉफी आणि निळीचे मळेही वगळलेले.

व्याख्यानात प्रत्येक कायद्याला चार प्रश्न विचारा: कुणाला लागू, तपासणार कोण, वय किंवा तास सिद्ध कसे करायचे आणि वगळलं कुणाला. इंग्लंडमध्येही १८०२ आणि १८१९ चे कायदे कागदावरच राहिले, कारण तपासणी स्थानिक मॅजिस्ट्रेटांवर सोपवली होती आणि त्यांची ऊठबस गिरणीवाल्यांतच असायची. १८३३ ला सरकारनं पगारी निरीक्षक नेमले, अवघे चार, तेव्हा कुठं कायद्याला दात आले.

वयाचा प्रश्न तर शेवटपर्यंत छळत राहिला. अर्ध्या वेळेची (अर्धाच दिवस काम करायची परवानगी असलेली) मुलं एका गिरणीतून सुटली की दुसऱ्या नावानं दुसरीत जायची. म्हणून १९२२ च्या दुरुस्तीत एका मुलाला एकाच दिवशी दोन कारखान्यांत लावायला मनाई करावी लागली.

अजिंक्यतारा
लोखंड्यांचं मी सांगतो. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. त्यांचा अर्ज साडेपाच हजार सह्यांनिशी त्या वर्षीच्या गिरण्यांच्या चौकशी कमिशनपुढं गेला. मागण्या मोजून पाच: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. यातली एकही मागणी अवाजवी नाही, तरी पहिली पदरात पडायला सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांवर कामगार होते, दोन बायकाही तिथं बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. कायद्यात ती १८९१ ला आली. म्हणजे कायद्याच्या आधी ती कामगारांनी स्वतः मिळवली होती, हे व्याख्यानात ठासून सांगा.

एक राजकीय बाजूही सांगावी लागेल. हिंदी गिरण्यांवर बंधनं घाला म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापड गिरणीमालक विलायतेत दबाव आणत होते. त्यामुळं आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी या कायद्यांना विरोध केला. लँकेशायरचा स्वार्थ खरा होता, पण सात वर्षांच्या पोराचे नऊ तासही तितकेच खरे होते. ते बोलून दाखवलं सत्यशोधकांच्या 'दीनबंधु'नं, आणि ते पत्र चालवत होते लोखंडेच.

कराडकर
त्यात दिव्याची भर घाला. सुरुवातीला गिरण्या उजेडावर चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान, पण सूर्य मावळला की काम बंद. पुढं मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या तेजीत पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. त्यातून संप, मग कमिशन, आणि १९११ ला कापड गिरण्यांतल्या पुरुषांना प्रथमच बारा तासांची मर्यादा मिळाली.

कृष्णाकाठ, सांगली
खूप उपयोग झाला. बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले असं एका पोस्टरवर आहे. ते तसंच लिहू का?

अजिंक्यतारा
आकडा दुरुस्त करून लिहा. १९२२ ला दिवसाचे ११ आणि आठवड्याचे ६० तास होते, १९३४ ला १० आणि ५४. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या काळात १९४६ च्या दुरुस्तीनं आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला, दिवसाची कमाल ९. आठवड्याचे सहा तास वाचले हे मोठं काम आहे, आणि पगार मात्र तोच ठेवा ही कामगारांची मागणी होती. चौदाचा आकडा घातलात तर सभेतला एखादा जाणकार तेवढंच धरून बसेल.

साखर पट्ट्यातल्या श्रोत्यांसाठी अजून एक: १९३४ च्या कायद्यात हंगामी कारखाने वेगळे काढले होते आणि साखर-गूळ त्यात होते. त्यांना दिवसाला ११, आठवड्याला ६० तास.

औंधकर
किर्लोस्करवाडीबद्दल जपून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळ वसाहत उभारली ती औंध संस्थानच्या जागेवर. हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे, संस्थानांना आपोआप लागू होत नव्हते. सातारा १८४८ ला खालसा झाला, पण औंध, सांगली, मिरज, जत, फलटण ही संस्थानं उरलीच. त्यामुळं आजच्या नकाशावर एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांना त्या काळी वेगळे नियम असू शकत. गाव कुणाच्या हद्दीत होतं हे आधी बघा, मग कलम लावा.

औंधनं १९३९ ला गांधीजींच्या सल्ल्यानं गावपंचायतींवर उभी राज्यघटना स्वीकारली. मसुद्यात मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा हात होता. वसाहत आणि हा प्रयोग एकाच छोट्या संस्थानात झाले. श्रोते तुमचेच असल्यानं इथं दहा मिनिटं द्या.

मार्केट यार्ड
कारखान्याच्या भिंतीबाहेरचा माणूस विसरू नका. हळदीची पोती उचलणारा हमाल कुठल्याच मालकाच्या मस्टरवर नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून कारखाना कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही. १९६९ चा माथाडी कायदा ही गाठ सोडवतो. त्यामागच्या लढ्याचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. रचना अशी: हमाल टोळीनं माथाडी मंडळात नोंदवायचा, व्यापाऱ्यानंही नोंदणी करायची. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम) मंडळात भरतो, आणि पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस मंडळ देतं. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी.

फिसकटतं ते नोंदणीत. व्यापारी हमालाला 'घरचा माणूस' म्हणतो, मजुरी रोख हातात देतो, लेव्ही बुडते. हमालालाही त्या दिवशी रोख बरीच वाटते. नंतर पाठ गेली की मंडळात खातंच नसतं.

कराडकर
आणि व्याख्यानाच्या शेवटी कायद्यांचा तक्ता दाखवलात तर त्यात उंबरठ्याचा, म्हणजे कायदा लागू व्हायला किमान किती माणसं हवीत याचा, रकाना ठेवा. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १८८१ ला १००, १८९१ ला ५०, १९२२ ला २०, १९४८ ला १०. साठ-सत्तर वर्षं हा आकडा खाली येत होता. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत तो पुन्हा २० झाला, शक्ती नसेल तर ४०. कुपवाडच्या वसाहतीतल्या पंधरा माणसांच्या वर्कशॉपचं उदाहरण घ्या, फरक लगेच कळतो.